नाळेकडच्या लाँजी : वाक आणि पीळ
(प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४, सोमवार

नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचा, ब्लॉक आजपासून माझ्या गळ्यात. जहाज ७२ मीटरचं, किनाऱ्याकिनाऱ्याने तेल नेणारं. बांधणी गोव्यात, जुवारीकाठच्या एका यार्डात. ड्रॉइंगं आणि मॉडेल आमच्या बेलापूरच्या ऑफिसातून. मधल्या सपाट ब्लॉकांचं काम ऑफिसातल्या धाकट्या सहकाऱ्याने पंधरा दिवसांत उरकलं, कारण तिथे लाँजी (पत्र्याला आतून जहाजाच्या लांबीकडे ताठपणा देणारी पट्टी, लाँजिट्यूडिनल) म्हणजे सरळ पट्टी, एक काढली की बाकीच्या कॉपी. पुढे फ्रेम ९८ (आडव्या फासळ्यांचा हा क्रमांक) पासून कूस, म्हणजे जहाजाची बाजू, आत वळायला लागते आणि कॉपी-पेस्टचं राज्य संपतं.

माझ्या वाट्याला आलेलं: फ्रेम ९८ ते १०८, दोन्ही बाजूंच्या कुशीतल्या लाँजी, एल-८ ते एल-१३. फ्रेममधलं अंतर ६०० मिमी, दर चौथी वेब फ्रेम (जास्त खोल, भक्कम फासळी), म्हणजे १००, १०४ आणि १०८. पट्टी बल्ब बार (एका कडेला फुगवटा असलेली) १६० बाय ८ मिमी. वजन मीटरला १२.७ किलो, बल्ब एकाच बाजूला, आणि तो खाली ठेवायचा म्हणजे पट्टीच्या कुशीत पाणी नि मळ साठत नाही.

नियम आधीच लिहून ठेवते, नंतर वाद नको: मॉडेलमधला पृष्ठभाग म्हणजे पत्र्याची आतली बाजू. पत्र्याची जाडी बाहेर जाते. त्यामुळे १० चा पत्रा संपून १२ चा सुरू झाला तरी आत पायरी येत नाही आणि लाँजीचा पाय कायम पृष्ठभागावरच बसतो.

दुपारभर पृष्ठभागच तपासला. ऱ्हायनोत (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) वक्रतेचा आलेख लावला, तो साळिंदरासारखा काटे काढणारा. काटे हळूहळू वाढले-कमी झाले तर ठीक. फ्रेम १०३ जवळ, जिथे दोन तुकडे जोडलेत, तिथे काटे एकदम उडी मारतात. मोजलं तर सांध्यात ०.८ मिमीची फट. डोळ्याला दिसत नाही, पण त्यावरून काढलेली रेघ तिथे तुटते आणि तुटलेल्या रेघेवर उभी केलेली पट्टीही तिथे मोडल्यासारखी वळते. लाइन्स, म्हणजे जहाजाचा बाह्य आकार, करणाऱ्यांना परत पाठवलं.

५ जून, बुधवार

काल निकाल. ऑफिसात काम सोडून सगळं झालं.

दुरुस्त पृष्ठभाग आला. आज लाँजींच्या रेघा आखल्या. मागे ९८ ला दोन लाँजींमधलं अंतर ६००, पत्र्याच्या अंगाने मोजून. पुढे घेर आटत जातो, त्यामुळे १०८ ला तेच अंतर ४३० वर येतं. एवढ्या दाटीत वेल्डरचा हात कुठून जाणार? म्हणून एल-१० मध्येच थांबवायची ठरवली. थांबवायची तर वेब फ्रेमवरच, १०४ ला, ब्रॅकेट देऊन. मोकळ्या पत्र्यावर लाँजी सोडून दिली की तिच्या टोकाशी पत्रा कायम काम करत राहतो आणि चीर तिथूनच सुरू होते. हे पहिल्या नोकरीत शिकले, शिव्या खाऊन.

बाकीच्या रेघा: प्रत्येक फ्रेमवर घेर मोजून बिंदू टाकले आणि त्यांतून स्प्लाइन नेली. स्प्लाइन हा शब्द आता सगळे माउसने वापरतात. मुळात ती लाकडाची लवचीक पट्टी. आखणीच्या मजल्यावर ती शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरायचे आणि तिच्या कडेने रेघ ओढायचे. त्या वजनांना इंग्रजीत बदक म्हणत. पट्टी स्वतःच नको तिथे वाकायला नकार द्यायची. माझी स्प्लाइन कशालाच नकार देत नाही. ३ मिमी चुकीचा बिंदू दिला तरी मुकाट्याने त्यातून जाते. म्हणून बिंदू कमी केले, अकराचे पाच, आणि मग रेघ शहाण्यासारखी वागली.

७ जून, शुक्रवार

रेघ आहे, आता तिच्यावर पट्टीचा छेद फिरवायचा. ग्रासहॉपरमध्ये (ऱ्हायनोतच चालणारं स्क्रिप्टिंग) पर्प फ्रेम्स घेतल्या, छेद बसवला, स्वीप केला. झाली लाँजी. कॉफी घेऊन आले आणि पुढून पाहिलं तर एल-११ पुढच्या टोकाला पत्र्याच्या काटकोनातून ९ अंश कलंडलेली.

चूक माझीच. पर्प फ्रेम्स रेघेच्या दिशेला काटकोनात छेद उभा करतात आणि तो स्वतःभोवती कमीत कमी फिरेल एवढंच बघतात. त्यांना फक्त रेघ दिसते, पत्रा दिसतच नाही. मग स्वतःच्या फ्रेम लिहिल्या: दर १०० मिमीवर रेघेवरचा बिंदू, त्या जागी पृष्ठभागाची लंबरेषा, रेघेची दिशा, आणि पट्टीचा वेब (तिचा उभा सपाट भाग) लंबरेषेवर. आता सहाही लाँजी पत्र्याला बरोब्बर गुण्यात. कुठेही छेद घ्या, ९० अंश. फिरवून फिरवून बघितलं. काय सुंदर दिसतंय! सरांना स्क्रीनशॉट पाठवला. अंगठा आला.

११ जून, मंगळवार

यार्डाबरोबर व्हिडिओ कॉल. प्रॉडक्शनचे साहेब, प्लॅनिंगची एक मुलगी, आणि मागे खुर्चीत फ्रेम बेंडिंगचे, म्हणजे पट्ट्या वाकवणारे, मेस्त (मिस्त्री), चष्मा कपाळावर. मी मॉडेल फिरवून दाखवलं. साहेब मान हलवत होते. मेस्तांनी चष्मा खाली घेतला, स्क्रीनजवळ आले आणि विचारलं, "बाय, पीळ कितलो?"

मी म्हटलं, पीळ म्हणजे?

त्यांनी टेबलावरची स्टीलची फुटपट्टी उचलली. आधी दोन्ही हातांनी वाकवली. मग एक टोक धरून दुसरं पिळलं, ओला टॉवेल पिळावा तसं. "बाक जाय तितलो दितां. पीळ मात नाका." वाक हवा तेवढा देतो, पीळ मात्र नको.

पाच मिनिटांत मला माझ्या सुंदर मॉडेलची किंमत कळली. त्यांचं यंत्र आडवं, हायड्रॉलिक: दोन बाजूंना दोन टेकू, मध्ये दाब. पट्टी पुढे सरकवत थोडी थोडी दाबायची, थंडच. एका पातळीतला, म्हणजे एकाच सपाट प्रतलातला, वाक कसाही घ्या. पण पट्टी स्वतःच्या अक्षाभोवती फिरवायची तर यंत्राचा उपयोग नाही. मग गॅस, शिकंजे, लांब दांड्याचा पाना आणि चार माणसं. तापवायचं, पिळायचं, थंड होऊ द्यायचं, बघायचं, परत तापवायचं. बल्ब बार त्यात आणखी वाईट, कारण बल्ब एकीकडेच. पिळताना ती कुशीवरही झुकते. एका पट्टीला एक दिवस धरा, म्हणाले साहेब. सहा लाँजी, दोन बाजू.

कॉलनंतर सरांनी एवढंच विचारलं, "मग पीळ किती आहे?" मला माहीत नव्हतं. मॉडेलमध्ये तो दिसतच नाही. रंग एकच, पट्टी एकच.

१२ जून, बुधवार

आज फक्त हेच केलं. बरं झालं, कॉलेजातलं गणित इतक्या वर्षांनी अंगाला लागलं.

पृष्ठभागावरची कोणतीही रेघ तीन तऱ्हांनी वळते. एक, पत्र्याबरोबर आत-बाहेर. पट्टी वेबच्या पातळीत वाकते ती ही, म्हणजे मेस्तांचा बाक. दोन, पत्र्याच्या अंगावरच डावी-उजवीकडे. याने पट्टी कुशीवर वाकते. तीन, रेघेवरून चालताना पत्र्याची लंबरेषा स्वतःच आडवी फिरत जाते. पट्टी गुण्यात ठेवायची तर तिला तिच्याबरोबर फिरावं लागतं. हाच पीळ. गणितात याला जिओडेसिक टॉर्शन म्हणतात, आणि त्याचं सूत्र साधं आहे: पृष्ठभागाच्या दोन मुख्य वक्रतांमधला फरक, त्याचा अर्धा, गुणिले रेघ आणि मुख्य दिशा यांच्यातल्या कोनाच्या दुपटीचा साइन.

एल-११ वर मधला एक बिंदू घेतला. पृष्ठभाग आडव्या छेदात ४ मीटर त्रिज्येने वळतोय, लांबीकडे ३० मीटरने. म्हणजे वक्रता ०.२५ आणि ०.०३३, फरकाचा अर्धा ०.१०८. रेघ मुख्य दिशेपासून २० अंश ढळलेली, साइन ४० म्हणजे ०.६४. गुणाकार ०.०७ रेडियन मीटरला, म्हणजे मीटरला ४ अंश. लाँजी ६.४ मीटरची. सगळ्या लांबीचा हिशोब केल्यावर एकूण पीळ २३ अंश.

एल-१३ चा ४१. ती फ्लेअरमध्ये आहे, जिथे कूस वरती बाहेर उमलते. तिथे पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखा: एका दिशेने आत वळतो, दुसऱ्या दिशेने बाहेर. एक वक्रता अधिक, दुसरी उणे, म्हणून त्यांचा फरक हा खरं तर बेरीज होतो.

सूत्राच्या पोटातून एक गोष्ट निघाली. रेघ मुख्य वक्रतेच्या दिशेनेच नेली तर साइन शून्य, पीळ शून्य. लाँजी त्या वाटेने नेता आली तर प्रश्नच मिटला! संध्याकाळी उत्साहात त्या वाटा काढून बघितल्या. एक वाट टँकच्या टॉपला आडवी जाते, दुसरी अँकरच्या पॉकेटमधून. पाणी कुठून वाहतं हे बघून रस्ता बांधत नाहीत. ठेवून दिलं.

१४ जून, शुक्रवार

दुसरी वाट, आणि हीच खरी. पट्टी गुण्यात ठेवायचा हट्ट सोडायचा. तिला एका सपाट पातळीत ठेवायची. मग पीळ नाही, कुशीवरचा वाक नाही, फक्त बाक. मोबदल्यात वेब आणि पत्रा यांच्यातला कोन जागोजागी बदलेल.

तो किती बदलला तर चालेल? १५० मीटर आणि त्यावरच्या तेलवाहू जहाजांच्या सामायिक बांधणी नियमांत ७५ अंशांची रेघ आहे. कोन त्याच्या खाली गेला की पट्टीची ताकद साइनने गुणून कमी धरायची. आमचं जहाज त्या नियमांत बसत नाही, अर्ध्यापेक्षाही लहान आहे. पण सर ऑफिसात तीच रेघ पाळतात, आणि मला ती पटते.

आता गंमत. एल-११ चा एकूण पीळ २३. पातळी अशी निवडली की मध्यावर ती पत्र्याला गुण्यात आहे, तर दोन टोकांना ती अंदाजे साडेअकरा अंशांनी ढळेल, एकीकडे इकडे, दुसरीकडे तिकडे. ९० वजा ११.५ म्हणजे ७८.५. रेघेच्या वर!

स्क्रिप्ट लहानशी झाली. लाँजीच्या दोन टोकांना जोडणारी जीवा धरायची. त्या जीवेभोवती पातळी अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवायची. प्रत्येक वेळी पृष्ठभाग कापायचा, नवी रेघ घ्यायची, तिच्यावर पंचवीस ठिकाणी कोन मोजायचा आणि सगळ्यांत कमी कोन लिहून ठेवायचा. ज्या पातळीत तो जास्तीत जास्त, ती आपली. एल-८ ला ८४ मिळाले, एल-९ ला ८२, एल-१० ला ८०, एल-११ ला हिशोबाप्रमाणे साडेअठ्ठ्याहत्तर, एल-१२ कशीबशी ७६. एल-१३ ला ७०, आणि कितीही फिरवली तरी त्यावर जाईना.

पातळी फिरली की रेघही सरकते. एल-११ चा वाक सरासरी २० मीटर त्रिज्येचा, ६.४ मीटरवर मध्याची खोली २५६ मिमी. पातळी ८ अंश कलली तर रेघ मध्यावर ३५ मिमी सरकली. लाँजींमधलं अंतर एका जागी ६०० चं ६३५ झालं. पत्र्याचा हिशोब पुन्हा केला, १० मिमी पुरतो.

१९०६ साली इंग्लंडात जोसेफ इशरवुडने लांबीकडे धावणाऱ्या या रचनेचं पेटंट घेतलं आणि दोनच वर्षांत पॉल पे नावाचं पहिलं तेलवाहू जहाज तिच्याप्रमाणे पाण्यात गेलं. तेव्हाही नाळेकडे वळणाऱ्या लाँजींनी कुणाचं तरी डोकं खाल्लं असेलच. त्यांच्याकडे भट्टी होती आणि माणसं स्वस्त होती, हा फरक.

२० जून, गुरुवार

एल-१३ चं काय करायचं, यावर तीन दिवस गेले.

धाकट्याची सूचना: १०४ वर तोडूया, दोन तुकडे, दोन पातळ्या. कागदावर छान, ४१ चे दोन साडेवीस. पण जोडावर बघा. मागचा तुकडा तिथे दहा अंश वर कललेला, पुढचा दहा अंश खाली. दोन पट्ट्यांची तोंडं एकमेकांसमोर वीस अंशांनी वाकडी, बल्ब बल्बला भेटतच नाही. अशा जोडाचं बट वेल्ड (टोकाला टोक जोडणारं) कुणी करणार नाही, आणि केलं तर मी त्या जहाजावर पाय ठेवणार नाही. वेब फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पट्टी थांबवून ब्रॅकेट द्यायचे तर ब्रॅकेट, वेल्ड, ड्रॉइंग, सगळं वाढतं. धाकटा हिरमुसला. त्याला म्हटलं, मीही आधी हेच काढलं होतं, सोमवारी, आणि फाडून टाकलं.

शेवटी: ७० अंश मान्य करायचे. साइन ७० म्हणजे ०.९४, ताकद सहा टक्के कमी धरायची. मूळ १६० बाय ८ ला तेवढी मोकळीक नव्हती. मग एक नंबर वरची, १८० बाय ८. मीटरला १४.८ किलो, म्हणजे मीटरमागे २.१ किलो जास्त, ६.४ मीटर, दोन बाजू, एकूण २७ किलो स्टील. समोर चार माणसांचे दोन दिवस आणि गॅस. सरांनी आकडे बघितले आणि सही केली. क्लासकडे, म्हणजे जहाज प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडे, सुधारित ड्रॉइंग गेलं.

२५ जून, मंगळवार

वेब फ्रेममधल्या खाचा. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि तिथेच सगळे अडकतात.

लाँजी फ्रेम १०४ पाशी जहाजाच्या लांबीशी २४-२५ अंशांनी तिरकी आहे. खाचांच्या तयार यादीतली खाच समोरून सरळ येणाऱ्या पट्टीसाठी. १६० च्या पट्टीची बल्बसकट रुंदी ३० मिमी. तिरकी आली की फ्रेमच्या पातळीत ती ३३ दिसते. फ्रेमचा वेब १० मिमी जाड, तो ओलांडताना पट्टी आणखी ५ मिमी सरकते. झाले ३८. खाचेत ठेवलेली फट तिथेच निम्मी संपली.

पण त्याहून मोठी भानगड जोडणीच्या क्रमाची. यार्डात कुशीचा पत्रा जिगवर, म्हणजे आधाराच्या मांडणीवर, पसरतात, आतली बाजू वर. त्यावर लाँजी उभ्या करून वेल्ड करतात, मग क्रेनने वेब फ्रेम वरून खाली सोडतात, खाचा लाँजींवर बसवत. सगळ्या लाँजी एकाच दिशेला उभ्या असत्या तर फ्रेम सरळ खाली उतरली असती, कंगवा केसांत जातो तशी. माझ्या लाँजी पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. एल-८ आणि एल-१३ यांच्यात २८ अंश. एकीच्या दिशेने फ्रेम उतरवली की दुसरीचा बल्ब खाचेच्या कडेला आपटतो. स्क्रीनवर काहीच आपटत नाही, कारण स्क्रीनवर फ्रेम कुठून उतरून आलेली नसते. ती तिथेच जन्मते.

धाकट्याला सांगितलं, फ्रेम १०४ दोनशे मिमी वर उचल आणि दहा-दहा मिमी खाली आण, कुठे लागतं ते बघ. संध्याकाळपर्यंत यादी आली: एल-८, एल-९, आणि एल-१३ सर्वांत वाईट. उतरवायची दिशा मधल्या एल-११ च्या जवळची धरली आणि बाकीच्यांच्या खाचा बल्बच्या बाजूने उघड्या केल्या. फ्रेम बसली की उघडी बाजू लहान पत्र्याचा कॉलर लावून बंद करायची. कॉलर वाढले, दहाचे सोळा. साहेब कुरकुरले, पण क्रेनखाली उभं राहून गॅसने खाच वाढवण्यापेक्षा हे बरं, हेही त्यांनीच म्हटलं.

२ जुलै, मंगळवार

शनिवारी वर्ल्ड कप जिंकला. सोमवार वाया. आज कामाला लागले.

मेस्तांना कागदावर काय द्यायचं? पूर्वी लाकडाची किंवा पातळ पत्र्याची टेंपलेट द्यायचे, पट्टी वाकवली की टेंपलेट लावून बघायची. आता उलट्या रेघा देतात. कल्पना भारी आहे: सरळ पट्टीच्या वेबवर एक वाकडी रेघ आखायची. पट्टी जशी वाकत जाते तशी ती रेघ सरळ होत जाते. सूत धरायचं, रेघ सुतात आली की पट्टी झाली. टेंपलेट नको, वाद नको. दाब सोडल्यावर पट्टी थोडी परत उलगडते, पण सूत दाब सोडल्यावरच धरायचं असल्यामुळे तोही हिशोब आपोआप होतो.

पहिल्याच छापात अडकले. एल-११ च्या रेघेची खोली २५६ मिमी हवी, पट्टी १६० ची. रेघ पट्टीबाहेर! बल्बची जागा आणि खालची कड सोडली तर वापरायला ११० मिमी उरतात. २० मीटर त्रिज्येला ११० च्या खोलीत ४.२ मीटर लांबीच बसते. म्हणून दोन रेघा, प्रत्येकी ३.६ मीटर, मध्ये ८०० मिमी एकमेकींवर. दुसरी सुतात आणताना पहिली बिघडली का, ते त्या ८०० मध्ये कळतं.

लांबीचीही चूक सापडली. मी रेघेची लांबी दिली होती, पत्र्यालगतची. पट्टी वाकते तेव्हा लांबी टिकते ती मधल्या थराची, आणि तो पत्र्यापासून साधारण ९७ मिमी आत आहे. ६.४ मीटरमध्ये पट्टी ०.३२ रेडियन वळते, ०.३२ गुणिले ९७ म्हणजे ३१ मिमी जास्त कापली गेली असती. इथे ते टोकाला छाटता आलं असतं. वाक उलटा असता तर तेवढीच कमी पडली असती, आणि कमी पडलेली पट्टी फक्त भंगारात जाते. यार्डाच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या टोकाला ३० मिमी जादा ठेवले, बसवताना छाटायला.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात, मुंबईत काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर पाऊस. लोकल कोलमडल्या. घरून काम, लाइट दोनदा गेली.

यार्डातून फोन. पहिल्या तीन पट्ट्यांवर आखणी झाली आणि एका पोराने मेस्तांना बोलावलं: रेघ बल्बवर चढते. डावीकडच्या पट्ट्या, म्हणजे मी उजवीकडच्या आरशात धरून केलेल्या. चूक लगेच कळली. आखणी बल्ब नसलेल्या सपाट बाजूवर करायची. दोन्हीकडे बल्ब खाली, म्हणून सपाट बाजू दोन्हीकडे वर. बदलतं ते एवढंच की नाळ एकीकडे डाव्या हाताला, दुसरीकडे उजव्या. माझं चित्र बल्बच्या बाजूने बघितल्यासारखं झालं आणि मथळा मात्र "सपाट बाजू" असाच राहिला. मॉडेल बरोबर, कागद चूक. तिन्ही पट्ट्या वाकवलेल्या नव्हत्या, ग्राइंडरने खुणा पुसून परत आखल्या. मेस्तांचा आवाज मागून ऐकू आला, "बायेक सांग, खडू म्हारग ना." खडू महाग नसतो, हे मला दिवसभर पुरलं.

नवीन कागदांवर नाळेच्या दिशेला मोठा बाण आणि बल्बची बाजू काळी भरलेली. मथळ्यावर विश्वास नाही.

१० जुलै, बुधवार

आज रात्री निघणार होते. पेडण्याच्या बोगद्यात पाणी, गाड्या रद्द. पुढच्या आठवड्यावर ढकललं.

१८ जुलै, गुरुवार

मध्ये खेडजवळ दरड पडली होती, तीही निस्तरली. काल आषाढी, डब्यातली खिचडी पनवेल सोडायच्या आत संपली. सकाळी मडगाव, तिथून यार्ड. जुवारी गढूळ, शेडच्या पत्र्यावर पाऊस असा की ओरडून बोलावं लागतं.

एल-११ उजवी यंत्रावर होती. मेस्तांच्या हातात लिव्हर, डोळा पट्टीवर. दाब, सोड, दोनशे मिमी पुढे, दाब, सोड. दर तीन-चार दाबांनंतर दोन पोरं नायलॉनचं सूत ताणून रेघेच्या दोन टोकांवर धरायची. पहिल्या वेळी रेघ मध्यावर सुताच्या खाली ११ मिमी होती. मग ६. मग ३. मेस्त वाकले, एक डोळा मिटला, आणि रेघेच्या एका जागी, नेमक्या ८०० च्या पट्ट्यात, नखाने खूण केली. तिथे एकच हलका दाब. सूत सोडलं, परत ताणलं: रेघ त्याखाली पूर्ण लपली. पंचवीस मिनिटं लागली. शिकंजे नाहीत, गॅस नाही, पाना नाही.

जेवताना त्यांनी विचारलं, आधीचं ते सुंदर चित्र कुठे गेलं? म्हटलं, आहे कॉम्प्युटरवर. "आसूं दी," म्हणाले, आणि माशाचा तुकडा माझ्या ताटात सारला.

१९ जुलै, शुक्रवार

पट्टी पत्र्यावर ठेवली. मागे बसली, मध्ये बसली, पुढच्या टोकाशी पायाखाली ७ मिमी फट.

वेब तिथे ७८ अंशांवर आहे, ८ मिमी जाडीची एक कड टेकते आणि दुसरी उचललेली राहते. पण त्याची फट पावणेदोन मिमी, सात नव्हे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप काढला. मेस्तांनी काढला नाही. त्यांनी पट्टी उचलून बाजूला घेतली, परत सूत धरलं. सुतात. मग पत्र्याचं टेंपलेट मागवून पत्र्यावर उभं केलं आणि बॅटरी मागून मारली. टेंपलेटच्या पुढच्या हातभर भागाखालून उजेडाची चीर.

"पट्टी बरी आसा. पत्रो उगडला." रोलिंगनंतर पुढचा कोपरा थोडा उलगडून आलेला.

पत्रा परत गॅसखाली गेला. आतल्या अंगावर तीन रेघा आखल्या, ज्योत आणि मागोमाग पाणी. रात्रीपर्यंत थंड होईल, उद्या परत टेंपलेट. डावीकडचा जुळा पत्राही तपासायला सांगितला, त्याच दिवशी त्याच पोरांनी रोल केलाय.

राहिलेलं: एल-१३ ची १८० ची पट्टी अजून स्टोअरला आलेली नाही. फ्रेम १०४ च्या खाचा १८० साठी बदलल्या, कटिंगला गेलेली फाइल नवीच आहे ना, हे सोमवारी फोन करून विचारायचं. एल-१२ डावीच्या कागदावर बाण आहे, बल्ब काळा भरायचा राहिलाय.